निळी शेव्ही तीनदा दिसते

त्या सिनेमात कर्टिस तीनदा दिसतो, असं अख्खं लोमास गाव छातीठोकपणे सांगत असे. एकदा पाण्याच्या टाकीपाशी, एकदा पिंकीजच्या बर्गरच्या गाड्यासमोर आणि एकदा शेवटी, शर्यतीच्या आधी. निळी शेव्ही, म्हणजे त्याची शेव्हरोले गाडी, लाल टोपी आणि दात काढून हसणारा कर्टिस. ग्लेंडाने मात्र तो सिनेमा पाहिलेला नव्हता. कर्टिसची बायको असून पाहिलेला नाही हे ऐकून लोक तोंडात बोट घालत, आणि मग मोठ्या उत्साहाने तिच्याच नवऱ्याबद्दल तिलाच सांगत बसत.

सिनेमाचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. पोस्टरवर एक चाक आणि पोरीचे दोन उघडे पाय होते, एवढं सांगितलं की कळायचं ते कळतं. त्या काळी कॅलिफोर्नियात असले सिनेमे पैशाला पासरी निघत. लॉस एंजेलिसहून दहा-बारा माणसं आली, एक कॅमेरा, एक खटारा पिकअप आणि एक सतत घामाघूम झालेला दिग्दर्शक. गोष्ट काय, तर पोरं गाड्या घेऊन रस्त्यावर फिरतात, पोरींकडे बघतात, एक शर्यत होते आणि उन्हाळा संपतो. गावातल्या पोरांना मोबदला म्हणून टाकीभर पेट्रोल आणि एक बर्गर. तीच ती डझनभर पोरं दहाव्या रस्त्यावरून वर-खाली फिरवली आणि पडद्यावर लोमासचं मोठं शहर करून टाकलं.

तसं फिरायला त्या पोरांना कुणी सांगायची गरजच नव्हती. ती दर शनिवारी फिरतच होती. पिंकीजपासून निघायचं, टाकीला वळसा घालायचा, परत पिंकीज. काच खाली, कोपर बाहेर, रेडिओ मोठा. कुठे पोचायचं नसायचं, गंमत होती ती तीच. समोरून येणाऱ्याला रात्रीतून वीस वेळा हात करायचा आणि प्रत्येक वेळी वर्षभराने भेटल्यासारखा करायचा. आणि माणूस ओळखायचा तो गाडीवरून. तोंड कोण बघतंय? निळी शेव्ही आली म्हणजे कर्टिस आला, संपलं.

पुढे गावाने फलक लावले, एका संध्याकाळी एकाच जागेवरून दोनदा गाडी नेणं गुन्हा म्हणून. पोरांनी फिरायचं सोडलं. गेल्या वर्षी ते फलक निघाले, पण तोवर पोरांचे आजोबे झाले होते. आता तेच आजोबे आपल्या जुन्या गाड्या घासूनपुसून महिन्यातून एकदा दहाव्या रस्त्यावर आणतात, ताशी पंधरा मैलांनी फिरवतात आणि पाठ धरली म्हणून आठ वाजता घरी जातात. त्यांच्याच मंडळाने कुठून तरी त्या सिनेमाची प्रत शोधून काढली. रविवारी दुपारी, शाळेच्या सभागृहात, एकच खेळ.

ग्लेंडाला ही बातमी दुकानात कळली. टोमॅटो निवडत होती, ते तसेच टाकून ती घरी आली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ उभीच राहिली.

याला कारण होतं. कर्टिस धुक्यात गेला. महामार्गावर पहाटे टोमॅटोचा ट्रक घेऊन निघाला होता. पुढची गाडी दिसलीच नाही. तेव्हा केंड्रा दोन वर्षांची होती. घरात व्हिडिओ कॅमेरा घ्यायची ऐपत नव्हती, आणि हौस होती ती पुढच्या वर्षी भागवायची होती. मागे उरले ते फोटो. सगळ्यांत लाल टोपी, सगळ्यांत तो स्तब्ध. चालणारा, मान वळवणारा, हसता हसता गप्प होणारा कर्टिस कुठेच नव्हता. ग्लेंडाच्या डोक्यात होता, पण डोक्यातलं माणूस पस्तीस वर्षांत झिजतं हो. अलीकडे तर तिला त्याचा चेहरा आठवायला गेलं की फोटोच आठवायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला घरात होतं कोण?

केंड्राला तिने ओरेगनला फोन केला.

"आई, म्हणजे बाबा हलताना दिसेल?" केंड्रा म्हणाली. अडतिसाव्या वर्षीही ती बापाला अरेतुरे करायची. ज्या वयात तिने त्याला पाहिलं त्या वयात सगळी मुलं तसंच करतात.

"हलताना, हसताना. तीनदा, म्हणतात."

"तू फोनवर काढ ते. तो आला की लगेच काढ आणि लगेच पाठव. संपायची वाट बघू नकोस. मी ड्यूटीवर असले तरी बघेन."

"अगं, येऊनच बघ ना."

"सुट्टी नाही गं. तुला माहितीये." मग हळूच, "मला फक्त तो कसा होता ते बघायचंय. फोटोत सगळेच सारखे दिसतात."

रविवारी ग्लेंडाने जीन्सवर निळा ब्लाउज घातला. कुणासाठी, असं स्वतःला विचारलं आणि उत्तर दिलं नाही. शाळेच्या वाहनतळावर जुन्या गाड्या ओळीने लावल्या होत्या आणि त्यांचे मालक टोप्या घालून बाजूला घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते, जशा काही गाड्या पळून जाणार होत्या. तिने आपली करडी टोयोटा पार टोकाला लावली. कर्टिसची शेव्ही तो गेल्यावर दुसऱ्याच वर्षी विकावी लागली होती. तरी अजून निळं काही चमकलं की तिची मान वळतेच. इथेही वळली. कुणाचा तरी ट्रक होता.

दारात गिल सूझा उभा होता. कर्टिसचा जिवलग. आता पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा, पण पुढच्या दातांमधली फट तीच.

"आलीस होय?" तो म्हणाला. एरवी तिला बघून गळ्यात पडणारा माणूस, आज बुटांकडे बघत होता.

"न यायला काय झालं? तू सोडून सगळ्या गावाने मला या सिनेमाचं पुराण ऐकवलंय. चल, शेजारी बस माझ्या."

"नको. माझी पाठ... मी मागे उभा राहतो."

"पाठीला उभं राहून बरं वाटतं होय रे? नवीनच ऐकते."

"ग्लेंडा," तो म्हणाला, "भिकार सिनेमा आहे गं तो. तू उगाच..." आणि पुढचं वाक्य त्याला सापडेना. तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि आत गेली.

सभागृहात पॉपकॉर्नचा वास होता आणि पंखे फुकट फिरत होते. ग्लेंडा मधल्या रांगेत बसली, फोन मांडीवर उताणा ठेवून. शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. एकट्या बाईशेजारी लोक आपोआप एक खुर्ची सोडतात, हे तिला केव्हाच कळून चुकलं होतं.

सिनेमा तेव्हा लागला होता शेजारच्या शहरात, एकच आठवडा. पीच फळांचा हंगाम होता, ग्लेंडा डबेबंदीच्या कारखान्यात रात्रपाळीला जायची. तरी एक दिवस जमवून जायचं ठरलं आणि नेमकी त्याच दिवशी शेव्ही चालू होईना. ती शेव्ही, जी कधी बंद पडली नाही! कर्टिस दोन तास बॉनेटमध्ये डोकं घालून होता, आणि शेवटी हात पुसत म्हणाला, "जाऊ दे गं. मी रोज फुकट दिसतो तुला, तिकीट कशाला काढतेस?"

आणि शूटिंगच्या संध्याकाळी ती होती कुठे? तर भांडत होती.

आता बाहेरच्या माणसाला हे भांडण पोरकट वाटेल. पण त्या गाड्यांची पुढची सीट सलग असायची, बाकासारखी, आणि पोरगी त्या सीटवर कुठे बसते यावर गावाचं लक्ष असायचं. मधे, चालवणाऱ्याला खेटून बसली, तर जमलं. दाराशी, खिडकीकडे सरकली, तर फिसकटलं. मग कुणाला काही विचारावं लागायचं नाही. टाकीला एक वळसा होईतो गावभर व्हायचं. ग्लेंडा त्या उन्हाळ्यात नुकतीच मधे बसायला लागली होती. त्या आठवड्यातली तिची एकुलती एक मोकळी संध्याकाळ. सँडल काढून डॅशबोर्डवर टाकलेले, पाय सीटवर दुमडलेले, आणि पिंकीजसमोर सगळ्या गाड्या खोळंबलेल्या असताना कर्टिस म्हणाला, "जरा दाराकडे सरक ना."

"काय म्हणालास?"

"दाराकडे सरक. ते सिनेमावाले म्हणाले, दोघं चिकटून बसली की पोरीचं तोंड दिसत नाही."

"सिनेमावाले गेले खड्ड्यात! गावासमोर मला दाराला लावतोस? तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून कॅमेऱ्याचं निमित्त?"

"अगं, खरंच त्यांनी—"

तिने पुढचं ऐकलंच नाही. दार उघडलं आणि अनवाणी चालू पडली. मागे भोंगे वाजले, कुणी शिट्टी मारली. घर चांगलं लांब होतं आणि ऑगस्टातला रस्ता सूर्य बुडाला तरी तव्यासारखा होता. पण मागे वळायचं म्हणजे नाक कापून घेणं. ती शेतांमधल्या रस्त्याला लागली तेव्हा मागून पावलं ऐकू आली. कर्टिस. पायी. त्याने एक शब्द न बोलता आपले बूट काढले आणि तिच्यापुढे ठेवले. ती तोंड फिरवून ते बूट घालून चालू लागली, बादलीत पाय घातल्यासारखी, आणि तो मोज्यांनिशी. डांबर पोळत होतं म्हणून रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्टीवरून. रंगवलेली पट्टी कमी तापते हे आमच्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन्ही हात मागच्या खिशांत, कोपरं बाहेर, डावा पाय जरा बाहेर फेकत, आणि पट्टी कुठे पुसट झाली की टुणकन उडी मारून पुढच्या तुकड्यावर. तिसऱ्या उडीला तिला हसू फुटलं.

"तुझा सिनेमा?" मग तिने विचारलं होतं.

"माझं काल झालं. काल एकट्याला घेतलं मला त्यांनी. आज नुसतं तुला बसवून पुन्हा घेणार होते." आणि खांदे उडवून, "गाडी गिलकडे आहे, आणून देईल."

तिने ते खरं मानलं. न मानायला काय कारण होतं? भांडणाची मात्र तिला पुढे लाज वाटत राहिली, एवढ्याशा गोष्टीवरून एवढा तमाशा, म्हणून ही वाट तिने केंड्रालाही कधी सांगितली नव्हती. ती तिची एकटीची ठेव होती.

दिवे मालवले. पडद्यावर ओरखडे उमटले, आणि मग दहावा रस्ता. सभागृहातून आवाज फुटले, "ते बघ औषधांचं दुकान!", "अरे, माझा बाप!", "बाप कसला, बापाची प्लिमथ!" सगळे गाड्याच ओळखत होते. बोलणारे नट तर कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. ग्लेंडाच्या छातीत धडधडत होतं. वयाला शोभत नाही असं तिला वाटलं, पण धडधड काही वय विचारत नाही.

पाण्याची टाकी आली आणि मागून कुणी ओरडलं, "ग्लेंडा, निळी!"

तिने फोन उचलला. घाईत बटण दोनदा चुकलं, आणि फोनच्या इवल्याशा काचेत तिला निळा ठिपका, लाल ठिपका, एवढंच दिसलं. गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने जे काही पकडलं गेलं होतं ते तसंच केंड्राला पाठवून दिलं. पुढच्या वेळी फोनला हात लावायचा नाही, तिने ठरवलं. पुढच्या वेळी नुसतं बघायचं.

पिंकीज आलं. निळी शेव्ही उजवीकडून पडद्यात शिरली आणि ग्लेंडा खुर्चीच्या कडेवर आली.

चालवणाऱ्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं, ट्रॅक्टर चालवल्यासारखं. कर्टिस एका मनगटाने चालवायचा. टोपी लाल होती, कर्टिसचीच, पण जरा मोठी होऊन कानांवर बसलेली. टोपीखाली तो पोरगा हसला आणि त्याच्या पुढच्या दातांमध्ये फट होती. शेजारची सीट रिकामी. डॅशबोर्डवर, काचेला टेकून, पोरीचे सँडल.

तिचे सँडल.

लोक टाळ्या वाजवत होते. "बघितलास ना कर्टिस?" पुढच्या रांगेतली रोझॅन वळून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ग्लेंडाने मान हलवली. हो की नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही.

शर्यतीआधी तिसऱ्यांदा शेव्ही आली, तेव्हा तिने बारकाईने पाहिलं. तोच तुकडा होता. तेच सँडल, तीच फट, मागे तोच कुत्रा रस्ता ओलांडत होता. फिल्म परवडत नव्हती म्हणून त्यांनी एकच तुकडा तीन ठिकाणी डकवला होता, टाकीच्या दृश्यातही. काल वगैरे काही नव्हतंच. कर्टिस त्या सिनेमात एकदाही नव्हता.

फोन थरथरला. केंड्राचा निरोप होता. "आई!! किती हसतोय तो! पूर्ण तोंडाने हसायचा का बाबा? मी दहा वेळा पाहिलं. वॉर्डात सगळ्यांना दाखवलं. रडतेय."

ग्लेंडा पर्स छातीशी धरून अंधारातून बाहेर आली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. गिल तिच्या टोयोटाला टेकून उभा होता, म्हणजे ती कुठे येणार हे त्याला ठाऊक होतं.

"काल घेतलं होतं म्हणाला मला," ती म्हणाली.

"काल त्यांची कॅमेऱ्याची पिकअप बंद पडली होती. परवाही. कॅमेरा चालला तो त्या एकाच संध्याकाळी." गिलने टोपी काढून डोकं पुसलं. "तू उतरलीस, तेवढ्यात ते लोक आलेच. कर्टिसने किल्ली माझ्या हातात दिली, टोपी माझ्या डोक्यावर चेपली आणि म्हणाला, तू बस, मी जातो. मी म्हटलं, अरे गाढवा, सिनेमा आहे! तर म्हणतो, तिच्या पायात काही नाही."

ग्लेंडाने पर्स टोयोटाच्या टपावर ठेवली.

"मग शपथ घातली मला. म्हणाला, तिला कळलं तर जन्मभर मनाला लावून घेईल, भांडले म्हणून याचा सिनेमा बुडाला असं. कुणी विचारलं तर गाडीत तू नव्हतास, मी होतो. बस्स. आणि तो गेल्यावर तर कुठल्या तोंडाने सांगणार? सगळे तुला सांगत होते, तीनदा दिसतो, तीनदा दिसतो. तेवढाच तुला आधार." तो खिन्न हसला. "अगं, आयुष्यात एकदा सिनेमात दिसलो, तेही माझ्या आईला सांगता आलं नाही."

ती हसली, आणि हसता हसता गाडीला टेकली. पस्तीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते आज कुठेच नव्हतं, आणि नव्हतं कारण तो तिच्यामागे येत होता. राग धरावा तर कुणावर? तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, धुक्याच्या त्या सकाळीसुद्धा नाही. त्या सकाळी निदान घरात एक लहान मूल रडत होतं.

रोझॅन आणि दोघंतिघं बाहेर आली. "काय गं, पाहिलास ना?"

"पाहिला," ग्लेंडा म्हणाली. "तीनदा."

गिलने मान खाली घातली. ती माणसं आनंदाने आपापल्या गाड्यांकडे गेली.

केंड्राला मात्र असं सांगता येणार नव्हतं. गावाला कर्टिस हवा होता तो गाडीसाठी. पोरीला बाप हवा होता. ती गिलचं हसू बापाचं म्हणून जन्मभर जपून ठेवणार, आरशात आपल्या तोंडावर शोधणार. ग्लेंडाने व्हिडिओ कॉल लावला. केंड्रा लगेच आली, निळ्या गणवेशात, नाक लाल.

"आई, मी अजून बघतेच आहे ते!"

"केंड्रा, तो बाबा नाही गं."

केंड्राच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही; थोडा वेळ तिथेच राहिलं, कुणी न्यायला आलं नाही अशा पोरासारखं. "म्हणजे?"

"तो गिल आहे. टोपी बाबाची, गाडी बाबाची." आणि ग्लेंडाने सगळं सांगितलं. सलग सीट, दाराकडे सरक, सँडल, बूट. उन्हात उभं राहून, न लाजता. "ते फिल्म घेत होते तेव्हा तुझा बाबा मोजे घालून पांढऱ्या पट्टीवरून चालत होता. माझ्यामागे."

केंड्राने बाहीला नाक पुसलं. मग केंड्राने विचारलं, "कसा?"

"कसा काय?"

"कसा चालत होता?"

हे काही सांगता येण्यासारखं नव्हतं. तिने फोन गिलच्या हातात दिला, गाडीला धरून वाकली आणि आपले कापडी बूट काढले. वाहनतळावर गाड्यांच्या जागा आखणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या होत्या, जुन्या, अधेमधे पुसलेल्या. तिने हात मागच्या खिशांत घातले, कोपरं बाहेर काढली आणि पट्टीवर पाऊल ठेवलं. डांबराची धग मोज्यांतून लागली आणि तिला आठवायची गरजच उरली नाही.

"डावा पाय बाहेर फेक," गिल फोन धरून म्हणाला. "आणखी. बदकासारखा चालायचा तो, हिरोसारखा नाही."

"गप रे! मला सांगतोस?" ती ओरडली. पट्टी पुसट झाली तिथे तिने टुणकन उडी मारली. गुडघा कळवळला. दूरवर खुर्च्यांवरचे म्हातारे वळून बघू लागले होते. बघू देत.

फोनमधून काहीतरी आवाज आला.

"ती काय म्हणतेय?" ग्लेंडाने विचारलं.

"म्हणते, पुन्हा," गिल म्हणाला.

पट्टीच्या टोकाला एक दिव्याचा खांब होता. ग्लेंडाने त्याला वळसा घातला आणि हात खिशांत ठेवून पुन्हा परत आली.